बँड सॉ लवकर थांबवायचा आहे: रेझिस्टर, डीसी इंजेक्शन की फेज उलटवणं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तुमच्या सॉ मिलमध्ये ३६ इंची चाकांचा उभा बँड सॉ आहे. १५ एचपीची मोटर पट्ट्यावरून खालचं चाक फिरवते, चाकाचा वेग ७०० आरपीएम. मोटर बंद केल्यावर पातं पूर्ण थांबायला चार मिनिटं लागतात. मागच्या महिन्यात एका हेल्परला वाटलं पातं थांबलंय, तो भुसा झाडायला वाकला आणि बोट थोडक्यात वाचलं. म्हणून तुम्ही व्हीएफडी, म्हणजे वारंवारता बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, बसवलात, थांबण्याची वेळ ५ सेकंद टाकलीत. आता स्टॉप दाबलं की ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतो आणि पातं पुन्हा चार मिनिटं फिरत राहतं. विक्रेता म्हणतो रेझिस्टर घ्या, वायरमन म्हणतो डीसी इंजेक्शन चालू करा, आणि ओळखीतले एकजण म्हणतात की दोन फेज उलटवल्या की झालं, खर्च शून्य.

तिघांनी सांगितलेल्या पद्धती खऱ्याच आहेत आणि तिन्ही मी वापरल्या आहेत. पण तिघांपैकी कुणी तुम्हाला विचारलं नाही की चाकात साठलेली ऊर्जा शेवटी जाणार कुठे. साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिकल विभागात सत्तावीस वर्षं काढल्यावर मी ब्रेकचा कुठलाही प्रश्न याच एका प्रश्नापासून सुरू करतो. थांबवणं म्हणजे ऊर्जा कुठेतरी रिकामी करणं. ती मोटरमध्ये जाईल, रेझिस्टरमध्ये जाईल, ब्रेकच्या लायनरमध्ये जाईल किंवा लाइनमध्ये परत जाईल. पाचवी जागा नाही.

मग किती आहे ही ऊर्जा? चाकांचं वजन तुम्ही दिलेलं नाही. ३६ इंची बिडाचं चाक मी १५० किलो धरतो, आणि बहुतेक वजन कडेला असतं हेही धरतो. अशा एका चाकाचं जडत्व आघूर्ण साधारण २१ किलो-मीटर वर्ग येतं, दोघांचं ४२. ७०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ७३ रेडियन. अर्धा गुणिले ४२ गुणिले ७३ चा वर्ग केला की सुमारे ११३ किलोज्यूल येतात. चाकं २०० किलोची निघाली तर आकडा एक-तृतीयांशाने वाढेल, म्हणून वजन किंवा कडेची जाडी नक्की मोजा. पण विचार समजायला हा आकडा पुरेसा आहे.

आता तुमचे ५ सेकंद बघा. ११३ किलोज्यूल ५ सेकंदांत काढायचे म्हणजे सरासरी साडेबावीस किलोवॉट. वेग सरळ रेषेत उतरवला तर सुरुवातीच्या क्षणी लागणारी शक्ती सरासरीच्या दुप्पट असते, म्हणजे ४५ किलोवॉट. तुमची मोटर ११ किलोवॉटची. तिच्याकडून आपण चौपट मागतोय. कुठलाही रेझिस्टर लावला तरी ५ सेकंद होणार नाहीत, कारण ड्राइव्हची करंट मर्यादा आधी येईल. २० सेकंद मागितले तर सुरुवातीची गरज ११ किलोवॉटच्या जरा वर येते, म्हणजे मोटरच्या नेहमीच्या टॉर्कमध्ये (फिरवण्याच्या जोरात) बसते. चार मिनिटांवरून वीस सेकंद. माझ्या मते तुमच्या मशीनला एवढंच मागावं, आणि त्यामागे मोटरपेक्षा मोठं एक कारण आहे. ते पुढे सांगतो.

ओव्हरव्होल्टेज का येतं तेही एकदा नीट समजून घ्या, म्हणजे ड्राइव्हला दोष देणं थांबेल. ४१५ व्होल्टच्या लाइनवर ड्राइव्हच्या आतली डीसी बस, म्हणजे मोटरला वीज पुरवणारी मधली डीसी लाइन, साधारण ५८५ व्होल्टवर असते. ड्राइव्हने वारंवारता खाली आणली की मोटर त्या वारंवारतेपेक्षा जोरात फिरत असते, म्हणजे ती जनरेटर होते आणि ऊर्जा बसकडे ढकलते. लाइनच्या बाजूचा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) साध्या डायोडचा असल्यामुळे ती लाइनमध्ये जाऊ शकत नाही. उरतात फक्त बसचे कॅपॅसिटर. समजा ते एक हजार मायक्रोफॅरडचे आहेत. ५८५ वरून ८०० व्होल्टपर्यंत चढताना त्यांत जेमतेम दीडशे ज्यूल मावतात. तुमच्याकडे आहेत एक लाख तेरा हजार. तांब्यात विहीर ओतायला गेल्यासारखं आहे हे. ८०० च्या आसपास ड्राइव्ह स्वतःला वाचवायला ट्रिप होतो, आउटपुट बंद करतो, आणि पातं मोकळं सुटतं.

आता एकेक पद्धत घेऊ.

फेज उलटवण्याचं आधी, कारण त्यात धोका सर्वांत जास्त आहे. फिरत्या मोटरला उलट्या दिशेचं चुंबकीय क्षेत्र दिलं की स्लिप, म्हणजे क्षेत्राच्या आणि रोटरच्या वेगातला फरक भागिले क्षेत्राचा वेग, एकदम दोनच्या जवळ जाते. मोटर सुरू होताना खेचते त्याहून थोडा जास्तच करंट खेचते. आणि पूर्ण थांबेपर्यंत रोटरमध्ये (मोटरच्या फिरत्या भागात) जी उष्णता तयार होते ती चाकांतल्या ऊर्जेच्या तिप्पट असते: एक हिस्सा चाकांचा, दोन हिस्से लाइनमधून आलेले. म्हणजे ३३९ किलोज्यूल एका थांबण्याला. रोटरच्या पिंजऱ्यात तीन किलो अॅल्युमिनियम आहे असं धरलं आणि सगळी उष्णता त्यातच राहिली असं मानलं, तर तो एका थांबण्यात सव्वाशे अंशांनी तापेल. प्रत्यक्षात लोखंड बरीच उष्णता ओढून घेतं, पण लागोपाठ तीन वेळा थांबवलंत तर काय होईल याचा अंदाज येतो. शिवाय शून्य वेगाला पुरवठा तोडणारा झीरो स्पीड स्विच हवाच, नाहीतर मोटर उलटी पळते. आमच्याकडे एका कन्व्हेअरवर या स्विचचा काँटॅक्ट चिकटला होता. कन्व्हेअर उलटा फिरून सगळा माल मागच्या बाजूला सांडला. तिथे फक्त साफसफाई करावी लागली. तुमच्याकडे दात असलेलं पातं उलटं फिरेल.

आणि आता तुमच्याकडे ड्राइव्ह आहे. ड्राइव्हच्या आउटपुटला फेज उलटवणारे काँटॅक्टर (कॉइलवर चालणारे मोठे स्विच) चालू स्थितीत टाकू नका. ड्राइव्ह जाईल. हा पर्याय इथे मिटला.

डीसी इंजेक्शन: स्टेटरला (मोटरच्या स्थिर वाइंडिंगला) डीसी दिला की क्षेत्र जागच्या जागी उभं राहतं आणि फिरता रोटर त्यात अडतो. इथे लाइनमधून रोटरला वरची उष्णता येत नाही, चाकांतले ११३ किलोज्यूल मात्र सगळेच्या सगळे रोटरमध्ये उतरतात. बसमध्ये काही येत नाही, म्हणून ओव्हरव्होल्टेज ट्रिप होत नाही. वायरमनचं म्हणणं त्या अर्थाने बरोबर आहे. अडचण अशी की पूर्ण वेगाला या पद्धतीचा टॉर्क कमी असतो. जोर येतो तो अगदी शेवटी, वेग थोडा उरलेला असताना. आणि थांबल्यावर टॉर्क शून्य, म्हणजे हा ब्रेक धरून ठेवत नाही. ड्राइव्ह नसता आणि मोटर साध्या स्टार-डेल्टा स्टार्टरवर असती, तर मी तुम्हाला इलेक्ट्रॉनिक डीसी ब्रेक मॉड्यूलच सांगितलं असतं. मोटरच्या करंटच्या दोन-अडीच पट डीसी, आधी मोटरमधलं उरलेलं चुंबकत्व विरेपर्यंत सेकंदभराची उसंत, लाइनचा आणि डीसीचा काँटॅक्टर एकाच वेळी लागूच नयेत असं पक्कं इंटरलॉक, आणि वाइंडिंगमध्ये तापमान बघणारा थर्मिस्टर. ताशी दोन-तीन वेळा थांबणाऱ्या मशीनला ते चालतं. ड्राइव्ह असताना मात्र डीसी इंजेक्शन शेवटच्या २-३ हर्ट्झसाठी ठेवा, म्हणजे पातं रेंगाळत न थांबता निर्णायक थांबतं.

काही ड्राइव्हमध्ये फ्लक्स ब्रेकिंग नावाची सोय असते. ती मोटरचं चुंबकन वाढवून काही ऊर्जा मोटरमध्येच जाळते. छोट्या मोटरला बरी, तुमच्या ११३ किलोज्यूलला अपुरी.

आता रेझिस्टर. माझं मत विक्रेत्याच्या बाजूने आहे, पण त्याने नुसतं ‘रेझिस्टर घ्या’ म्हणून भागत नाही. बस ठरावीक व्होल्टेजच्या वर गेली की ड्राइव्हमधला चॉपर नावाचा ट्रान्झिस्टर-स्विच रेझिस्टर जोडतो आणि ऊर्जा तिथे जळते. ४०० व्होल्ट वर्गाच्या बहुतेक ड्राइव्हमध्ये हे ७०० ते ७८० च्या दरम्यान होतं. १५ एचपीच्या बऱ्याच ड्राइव्हमध्ये चॉपर आतच असतो, पण सगळ्यांत नाही, म्हणून मॅन्युअल उघडून तुमच्याच मॉडेलचं बघा. ७५० व्होल्टला ११.३ किलोवॉट जाळायचे तर ७५० चा वर्ग भागिले ११,३०० म्हणजे सुमारे ५० ओहम. मॅन्युअलमध्ये किमान ओहमचा आकडा दिलेला असतो. त्याच्या खाली कधीही जाऊ नका, चॉपरचा ट्रान्झिस्टर जळेल. जरा वर गेलात तर काही बिघडत नाही, वेळ दोन-चार सेकंद वाढेल.

वॉटचा हिशेब वेगळा असतो आणि इथेच पैसे वाया जातात. क्षणिक शक्ती ११ किलोवॉट आहे म्हणून ११ किलोवॉटचा रेझिस्टर घ्यायची गरज नाही. तुम्ही तासाला चार वेळा थांबवता असं धरलं तर सरासरी फक्त सव्वाशे वॉट होते. एक ते दोन किलोवॉटचा वायरवाउंड रेझिस्टर पुरतो, फक्त बनवणाऱ्याला स्पष्ट विचारा: २० सेकंदांत ११३ किलोज्यूल एका दमात झेपतात का, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा? एक लिटर पाणी २७ अंशांनी तापवायला लागते एवढीच ही ऊर्जा. पण रेझिस्टरची तार पाण्याइतकी सहनशील नसते.

आता सॉ मिलच्या बाबतीत मला खरी काळजी वाटते ती सांगतो. रेझिस्टर भुशापासून लांब ठेवा. शेडच्या बाहेरच्या भिंतीवर, जाळीच्या पेटीत, पावसापासून आडोशाला. केबल शक्यतो ५-१० मीटरच्या आत. आणि रेझिस्टरवरचा थर्मल स्विच (जास्त तापल्यावर उघडणारा) ड्राइव्हच्या नव्हे, तर ड्राइव्हच्या आधीच्या मेन काँटॅक्टरच्या कॉइलमध्ये जोडा. कारण चॉपरचा ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन गेला तर रेझिस्टर कायमचा बसवर जोडलेला राहतो. ५८५ व्होल्ट, ५० ओहम, म्हणजे जवळजवळ सात किलोवॉट सतत, दीड किलोवॉटच्या रेझिस्टरमध्ये. तो लाल होतो आणि ड्राइव्हला तो बंद करता येत नाही, कारण बंद करणारा भागच गेलेला असतो. फक्त मेन काँटॅक्टर तो थांबवू शकतो. मी अशी एक पेटी नंतर उघडून पाहिली आहे: सिरॅमिक नळ्या तडकलेल्या, पत्र्याचा रंग उडून निळसर झालेला, वरच्या केबलचं इन्सुलेशन गळून खाली थेंब गोठलेले. तिथे सुदैवाने खाली काँक्रीट होतं.

सेटिंगची एक गोष्ट आवर्जून. बऱ्याच ड्राइव्हमध्ये ओव्हरव्होल्टेज स्टॉल टाळण्याची सोय आधीपासून चालू असते. बस चढायला लागली की ड्राइव्ह आपोआप वेग उतरवणं लांबवतो. रेझिस्टर लावल्यावर ती सोय बंद करावी लागते, नाहीतर बस चॉपरच्या व्होल्टेजपर्यंत पोचतच नाही आणि रेझिस्टर थंडच राहतो. ऊस उतरवणाऱ्या क्रेनवर आम्ही यात दोन दिवस घालवले होते. रेझिस्टर मोजला, केबल मोजली, चॉपर बदलायची तयारी केली. हात लावला तर रेझिस्टर गारच. शेवटी पॅरामीटरची यादी ओळीने वाचली तेव्हा सापडलं. तुम्ही तेवढा वेळ घालवू नका.

ऊर्जा लाइनमध्ये परत देण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच, म्हणून सांगून टाकतो. साखर कारखान्यातल्या बॅच सेंट्रिफ्युगलला (बास्केट फिरवून साखर मळीपासून वेगळी करणाऱ्या यंत्राला) तो सर्वोत्तम ब्रेक आहे. एका मशीनला दोनशे किलोवॉटच्या आसपासची मोटर, बास्केट हजार आरपीएमच्या वर नेऊन पुन्हा साखर खरवडण्यासाठी पन्नास-साठपर्यंत उतरवायची, आणि हे तासाला वीसएक वेळा, हंगामभर रात्रंदिवस. तिथे रेझिस्टर लावला तर भट्टीच होईल. एक बास्केट उतरताना परत येणारी ऊर्जा शेजारची चढणारी बास्केट खाते, हे मीटरवर बघताना मला दर हंगामात समाधान वाटायचं. तुमच्याकडे एका थांबण्याला ११३ किलोज्यूल म्हणजे ०.०३ युनिट. दिवसाला तीस वेळा थांबवलंत तरी एक युनिट होत नाही. अशी वीज परत देणाऱ्या रिजनरेटिव्ह ड्राइव्हची जादा किंमत त्यातून कधीच निघणार नाही.

शिवाय परत दिलेली ऊर्जा घेणारं कुणीतरी लागतं. मुंबईची लोकल १५०० व्होल्ट डीसीवर होती तेव्हा ब्रेक लावणाऱ्या गाडीची वीज घ्यायला त्याच भागात वीज खेचणारी दुसरी गाडी लागायची, कारण सबस्टेशनमधले रेक्टिफायर एकाच दिशेने वीज देत. २५ हजार व्होल्ट एसीवर तो अडसर राहिला नाही. तुमच्याकडे हाच प्रश्न जनरेटरच्या रूपात येतो. लाइट गेल्यावर सॉ डीजीवर (डिझेल जनरेटरवर) चालवत असाल आणि इतर लोड काही नसेल, तर परत आलेली वीज डीजीच्या इंजिनालाच ढकलते. रेझिस्टरला लाइन आहे की डीजी, याने फरक पडत नाही. तुमच्यासारख्या जागी हा त्याचा मोठा गुण.

इथवर थोडक्यात: चॉपर आणि ५० ओहमच्या आसपासचा रेझिस्टर, २० सेकंदांचा रॅम्प (वेग हळूहळू उतरवण्याची वेळ), शेवटच्या २-३ हर्ट्झला डीसी इंजेक्शन, स्टॉल टाळण्याची सोय बंद, थर्मल स्विच मेन काँटॅक्टरला.

मघाशी म्हटलेलं मोठं कारण आता. बँड सॉमध्ये मोटर फक्त खालच्या चाकाला जोडलेली असते. वरचं चाक पात्याच्या जोरावर फिरतं. तुम्ही खालचं चाक जोरात आवळलंत तर वरचं चाक एकूण ऊर्जेच्या निम्म्या वाट्यासकट पात्याला पुढे ढकलतं. पात्याची एक बाजू सैल पडते, दुसरी ताणते, आणि पातं चाकावरून उतरू शकतं. पातं थांबवायला जाऊन पातंच सुटलं, असं व्हायला नको. म्हणून आधी ४० सेकंदांचा रॅम्प टाका, पात्याकडे एका बाजूला सुरक्षित उभं राहून बघा, मग ३०, मग २०. पातं चाकावर पुढे-मागे सरकताना दिसलं किंवा पट्टा किंचाळला की तिथून पाच सेकंद मागे या. वीस जमलं नाही तर तीस ठेवा. गोल करवत असती तर वेगळी भीती होती: तिचं नट चालू दिशेने आवळलं जाईल असं असतं, त्यामुळे कडक ब्रेकला ते सैल होतं.

आणि आता तुमच्या हेल्परचं. तुम्ही इमर्जन्सी बटण कुठे जोडलंय ते लिहिलेलं नाही. मी पाहिलेल्या बहुतेक पॅनेलमध्ये ते ड्राइव्हच्या इनकमिंग काँटॅक्टरला जोडलेलं असतं. म्हणजे साधं स्टॉप दाबलं तर पातं वीस सेकंदांत थांबेल आणि जिवावर बेतल्यावर लाल बटण दाबलं तर ड्राइव्हचा पुरवठाच जाईल, आउटपुट बंद होईल आणि पातं चार मिनिटं फिरेल. आयईसी ६०२०४-१ या यंत्रांच्या विद्युत सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकात थांबण्याचे प्रकार दिले आहेत. प्रकार शून्य म्हणजे ताबडतोब वीज तोडणं, प्रकार एक म्हणजे आधी नियंत्रितपणे थांबवून मग वीज तोडणं. ज्या मशीनला स्वतःचा यांत्रिक ब्रेक नाही आणि जडत्व एवढं आहे, तिथे लाल बटणाला प्रकार एकच हवा: बटण दाबलं की ड्राइव्हला रॅम्पचा आदेश, आणि टायमर असलेल्या सेफ्टी रिलेने पंचवीसेक सेकंदांनी वीज बंद.

तरीही लाइट गेल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. काही ड्राइव्ह लाइन गेल्यावर फिरत्या चाकांच्याच ऊर्जेवर बस जिवंत ठेवून नियंत्रितपणे थांबवतात. तशी सोय असेल तर जरूर चालू करा, पण माणसाचा हात तिच्या भरवशावर ठेवू नका. विजेवर चालणारा कुठलाही ब्रेक विजेसोबत जाऊ शकतो. क्रेनला म्हणूनच स्प्रिंगने आवळणारा आणि विजेने सुटणारा ब्रेक असतो: वीज गेली की तो आपोआप धरतो. लटकलेल्या ओझ्याला दुसरा उपाय नाही. तुमच्याकडे ओझं लटकलेलं नाही, म्हणून मी स्प्रिंगच्या ब्रेकचा हट्ट धरणार नाही. एका चाकाला कडक ब्रेक लावण्याचा धोका आधीच सांगितला आहे. त्याऐवजी पात्याच्या कव्हरला कुलूप लावा, असं कुलूप जे शून्य वेगाची खात्री झाल्याशिवाय उघडतच नाही. लाकूड नसताना पात्याचा आवाज फारसा येत नाही, दात डोळ्याला दिसत नाहीत, फक्त एक चकाकती पट्टी उभी असते. तुमचा हेल्पर निष्काळजी नव्हता. त्याला ते थांबलेलंच दिसलं.

हे करायला घेण्याआधी तीन गोष्टी बघून कळवा: चाकाचं वजन किंवा कडेची रुंदी-जाडी, ड्राइव्हच्या टर्मिनलवर रेझिस्टरची जागा आहे का, आणि लाल बटणाची वायर नेमकी कुठे जाते. तिसरी आजच बघा. ती इनकमिंग काँटॅक्टरला गेलेली निघाली तर वायरिंग बदलेपर्यंत पात्याजवळ पाटी लावा आणि सगळ्यांना बोलावून सांगा की लाल बटण दाबल्यावर चार मिनिटं कुणीही कव्हरला हात लावायचा नाही.